रांगेत उलटी चालणारी खुर्ची

मित्रांनो, आधी बसून घ्या. माझ्यावरच बसा, संकोच नको. मी एक जुनी लोखंडी घडीची खुर्ची आहे आणि उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. थोडी डुगडुगेन, पण पाडणार नाही. आजवर कुणाला पाडलेलं नाही. जे पडले ते आपापल्या कर्माने पडले.

तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. माझ्या वाट्याला चेहरा येत नाही. जे येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्याचा उल्लेख नको. पण त्यातूनही पुष्कळ कळतं. माणूस तोंडाने काहीही सांगो, बसताना तो खोटं बोलू शकत नाही. रागावलेला माणूस आदळतो. कर्जात बुडालेला अर्ध्यावरच टेकतो, जणू खुर्चीचंही भाडं मागतील. ज्याला लवकर निघायचं असतं तो टाचा उचलून बसतो. माझा सगळा हिशेब या भाराचा आहे, आणि तो सहसा चुकत नाही.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. लांबलचक पाइप कापला, वाकवला, पत्र्याची बैठक जोडली आणि मी तयार झाले. पाइप कापणाऱ्याचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे असावं, कारण माझा मागचा उजवा पाय बोटाच्या पेराएवढा तोकडा राहिला. वेल्डरने मला जमिनीवर उभं केलं, एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "बसेल माणूस." एवढं बोलून त्याने मला ढिगात टाकलं. माझ्याबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. त्यावर मी बरीच वर्षं काढली.

पुढे मला एका मंडपवाल्याने घेतलं. त्याने मला निळा रंग दिला आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत स्वतःचं नाव उमटवलं. मग मी लग्नं पाहिली, भाषणं पाहिली, शोकसभा पाहिल्या. खुर्चीला तिन्ही सारखीच. पहिल्या रांगेतले लोक तिन्हीकडे तेच असतात आणि तिन्हीकडे उशिराच येतात. शोकसभेत लोक ताठ बसतात, लग्नात सैल बसतात आणि भाषणात आळीपाळीने एकेका कुशीवर बसतात. एकदा लग्नातल्या एका आजीबाई माझ्यावर बसल्या, जरा डुलल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर झुलवते!" जेवणाची हाक येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मंडपवाल्याने तोकडा पाय दुरुस्त करायचा विचार सोडून दिला तो तेव्हापासून. दोष कुणालातरी आवडला की त्याची दुरुस्ती होत नाही, हे मी तेव्हा शिकले.

मग ती साथ आली.

लग्नं घरातल्या घरात उरकू लागली. भाषणं मोबाइलवर गेली. शोकसभा तर सर्वांत जास्त लागल्या असत्या, पण त्याच होईनात. आम्हा सगळ्या खुर्च्यांना घडी घालून गोदामात भिंतीला टेकवून ठेवलं. अंगावर गंज चढला. बिजागऱ्यांत कोळ्याने जाळं विणलं. मंडपवाला अधूनमधून यायचा, कुलूप उघडायचा, आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. आम्हाला भूक नसते, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. त्याचं अडलं होतं.

एके दिवशी गोदामासमोर टेम्पो थांबला. गावातल्या शाळेच्या सभागृहात लस द्यायला सुरुवात होणार होती आणि बसायला खुर्च्या नव्हत्या. शाळेत होते ते बाक, आणि त्यांत मोठ्या माणसांचे गुडघे मावत नव्हते. मंडपवाल्याने आम्हाला धुतलं, पुसलं आणि टेम्पोत चढवलं. मी पुन्हा कामाला लागले.

आता तिथली पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं.

सभागृहात आमची नागमोडी रांग लावली होती. शेवटची खुर्ची दाराशी, पहिली पडद्यापाशी. पडद्यामागे सुई. रांग सांभाळायचं काम शाळेच्या कवायतीच्या सरांकडे होतं. सरांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि इतक्या वर्षांत ती काढायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. एक जण पडद्यामागे गेला की सर एक आखूड शिट्टी मारायचे. शिट्टी झाली की सगळ्यांनी उठायचं आणि पुढच्या खुर्चीवर बसायचं. लांब शिट्टी झाली की आजचा साठा संपला, उरलेल्यांनी घरी जायचं. मोठमोठे अधिकारी, दुकानदार, सासवा, सासरे, सगळे त्या शिट्टीवर उठाबशा काढायचे. काही आजोबा तर सवयीने आधी ताठ उभे राहायचे, मग बसायचे. सरांना एकदा राहवलं नाही. ते पुटपुटले, "हाच नेमकेपणा शाळेत असताना दाखवला असता तर!"

सोबत फवारेवाल्या मावशी होत्या. शाळेतल्याच शिपाई. हातात फवाऱ्याची बाटली, कमरेला फडकं, आणि जीभ दोन्हींपेक्षा चपळ. दर फेरीला त्या शक्य तेवढ्या खुर्च्या पुसायच्या. सगळ्या पुसणं काही जमत नसे.

लस घ्यायला यायचं तर मोबाइलवर आधी वेळ मिळवावी लागे. ती मिळवणं म्हणजे उडत्या माशीला चिमटीत धरणं. वेळा जाहीर व्हायच्या आणि पापणी लवायच्या आत संपायच्या. बरं, वेळ मिळाली म्हणजे लस मिळाली असंही नाही. बाटल्या कमी, बोलावलेली माणसं जास्त. त्यामुळे रांगेच्या शेपटाकडचे लोक बहुतेक रोज हात हलवत परत जायचे. रांगेतली जागा म्हणजे तिथला जीव की प्राण होता.

अशा रांगेत एक दिवस ते गृहस्थ आले. उंच, रुंद खांद्यांचे, केस पांढरे, मास्कमागून जड श्वास. दारात त्यांनी खिशातून स्वतःचं फडकं काढलं, स्वतःची बाटली काढली आणि शेवटच्या खुर्चीला, म्हणजे मला, पाठीपासून पायांपर्यंत पुसून काढलं. इतकं मन लावून मला माझ्या मालकानेही पुसलं नव्हतं. मग ते बसले.

शिट्टी झाली. सगळे उठून पुढच्या खुर्चीवर गेले. हे गृहस्थ उठले, समोरची रिकामी झालेली खुर्ची उचलून त्यांनी मागे ठेवली, मला उचलून पुढे ठेवलं आणि पुन्हा माझ्यावरच बसले.

मावशी बघतच राहिल्या. "अहो काका, हे काय?"

"दुसऱ्याने ऊब करून ठेवलेल्या जागी मी बसणार नाही. मुलीने सांगितलंय, चारचौघांनी हात लावलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. ही पुसलीय. हीच बरी."

"मंडपाचा धंदा होता का तुमचा?"

"नाही. बंबावर होतो."

आग विझवणाऱ्या गाडीवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. तेव्हापासून त्यांचं नाव बंबवाले काका पडलं. दर शिट्टीला एक खुर्ची मागे, एक पुढे, असा त्यांचा कार्यक्रम चालू राहिला. मागच्या बाई हसत होत्या, पुढचे गृहस्थ वैतागत होते. मी मात्र मजेत होते. खुर्च्यांच्या साऱ्या जातीत बसल्याजागी पुढे सरकणारी मी एकटीच.

मधूनच त्यांचा मोबाइल वाजला. हाताला हातमोजे, म्हणून तो स्पीकरवर लावून, मांडीवर ठेवून ते मोठ्या आवाजात बोलत. त्यामुळे काकांच्या घरच्या गोष्टी मला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना फुकट ऐकायला मिळाल्या.

"बाबा, पोचलात का?" मुलीचा आवाज.

"बसलोय रांगेत."

"हे बघा, आज घेऊनच या. ही वेळ मिळवताना माझं बोट झिजलंय."

"हो गं."

"तुम्ही सुई घेतल्याशिवाय मी घरात पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते."

मुलगी मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. साथीच्या रुग्णांच्या वॉर्डात तिचं काम होतं. साथ सुरू झाली तशी ती इस्पितळाच्याच एका खोलीत राहायला गेली होती. कारण काकांच्या छातीत आयुष्यभराचा धूर साठलेला. जिना चढलं तरी धाप लागायची. या आजाराने अशा छातीला गाठलं तर काय होतं, हे ती रोज डोळ्यांनी बघत होती. आठवड्यातून एकदा यायची, फाटकावर डबा अडकवायची आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडून तब्येत विचारायची. बाप ओट्यावर, लेक रस्त्यापलीकडे, आणि मधून जाणारे-येणारे दोघांची तब्येत ऐकत जाणार. घरात दोनच माणसं आणि तीही अशी वेगळी. काकांनी सुई घ्यायची आणि तिने घरी यायचं, एवढा साधा व्यवहार होता.

काका सरकत सरकत पहिल्या जागी आले. तिथून पडद्याच्या फटीतून आतलं टेबल दिसत होतं. टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये कापूस आणि बाकीचं साहित्य. आत कुणीतरी "आई गं" म्हणालं.

आणि मित्रांनो, माझा तोकडा पाय फरशीवर वाजू लागला. टक, टक, टक, टक.

मी काही हलत नव्हते. काका हलत होते. पोटऱ्यांपासून वर सगळा माणूस थरथरत होता. त्यांनी मांड्यांवर तळहात दाबून धरले, पाय थांबेना. मग ते खोकले. टकटक लपावी म्हणून खोकले, हे मला कळलं. इतरांना वाटलं, धूर.

आता पडद्यामागे जायची पाळी त्यांची. सरांनी खूण केली. काका उठले, छाती काढून मागे वळले आणि मागच्या बाईंना म्हणाले, "ताई, तुम्ही व्हा पुढे."

"अहो, पण नंबर तुमचा आहे."

"असू दे. आमच्या कामात आपण शेवटी उतरायचं असतं. आधी बाकीचे."

मग कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. रांगेतल्या जागेवरून भाऊ भावाशी भांडत होता असे ते दिवस. त्या बाई कपडे शिवायचं काम करायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देवमाणूस आहात हो," असं म्हणून त्या आत गेल्या. काकांनी मला उचललं आणि सगळ्यांच्या नमस्कारांना मान डोलावत ते रांगेच्या शेवटी जाऊन बसले. बसताना एवढे सैल झाले की माझी बिजागरी करकरली.

थोड्या वेळाने लांब शिट्टी झाली. साठा संपला.

काकांनी मोबाइल काढला. "अगं, काय सांगू, आज साठाच संपला!"

यात खोटं काही नव्हतं. मी माणसांचे हिशेब पुष्कळ पाहिलेत. सर्वांत सफाईदार फसवणूक नेहमी खऱ्या शब्दांत होते.

मुलीने पुन्हा बोट झिजवलं, पुन्हा वेळ मिळवली. काका पुन्हा आले. दारातून त्यांनी पाठीवरच्या अर्धवट पुसलेल्या अक्षरांवरून आणि तोकड्या पायावरून मला शोधून काढलं, पुसलं, आणि आमची वरात निघाली. पहिल्या जागेपर्यंत सारं ठीक. मग टक, टक, टक. मग खोकला. या वेळी मागे एक प्राध्यापक होते.

"सर, तुम्ही व्हा पुढे."

प्राध्यापकांनी आग्रह होऊ दिला नाही, लगेच उठले. जाताना म्हणाले, "समाजात तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून समाज आहे." आणि पडदा ओढून घेतला.

आता काकांची कीर्ती पसरली. पुढच्या खेपेला तर लोक त्यांच्या मागची खुर्ची मिळावी म्हणून घुटमळायला लागले. कुणी दारात रेंगाळतं, कुणी चप्पल शोधायचं निमित्त करतं, सगळ्यांचं लक्ष एकाच खुर्चीवर. एक जोडपं तर या जागेवरून आपसात भांडलं. नवरा म्हणाला, "तू बस." बायको म्हणाली, "मी बसते, पण मग तुम्ही म्हणू नका मी स्वार्थी आहे." नवरा म्हणाला, "ते मी आत्ताही म्हणणार नाही आणि नंतरही विसरणार नाही." शेवटी ती बसली.

काकांनी तिलाही पुढे पाठवलं.

फवारेवाल्या मावशींना मात्र काहीतरी खटकायला लागलं असावं. काका मला घेऊन शेपटाकडे निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, असं करा, या खुर्चीच्याच नावाने वेळ घ्या. रोज येते बिचारी, तीच घेईल लस."

लोक हसले. काकाही हसले. पण माझ्या पाठीवरची त्यांची पकड घट्ट झाली.

मी त्यांच्यावर रागावले नव्हते, मित्रांनो. खुर्चीला राग परवडत नाही. मी फक्त मांडणी करत होते. एका बाजूला टाळ्या, नमस्कार, देवमाणूस ही पदवी. दुसऱ्या बाजूला ओट्यावर एकटा बसणारा म्हातारा, रस्त्यापलीकडून ओरडणारी मुलगी, आणि धुराने भरलेली छाती, जिच्यापर्यंत आजार अजून पोचला नव्हता एवढंच. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्यावरच लोक टाळ्या वाजवायला लागले, तर माणसाने ती सोडावी कशी? माझ्या तोकड्या पायाचंही असंच झालं होतं.

मग सरांनी भिंतीवर कागद चिकटवला. पुढच्या आठवड्यापासून या सभागृहात फक्त दुसरा डोस मिळेल. ज्यांचा पहिला राहिला असेल त्यांनी शनिवारपर्यंत घ्यावा. पहिल्या डोससाठी नंतर कुठे जायचं, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी काका आले. आज ते नेहमीपेक्षा हळू चालत होते. मला पुसतानाही त्यांनी घाई केली नाही. फडकं त्याच त्याच जागी फिरत होतं. मांडीवरचा मोबाइल आज वाजला नाही. त्यांनी दोनदा तो उलटून बघितला. मागच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. काकांनी मान वळवली नाही. मास्क, टोपी, चेहऱ्यापुढे प्लॅस्टिकची काच, त्या दिवसांत मागे वळून बघण्यासारखं कुणाचं काही दिसतही नव्हतं. माझ्या शेजारणीकडून मला तो भार जाणवला, तो थकलेल्या माणसाचा होता. उभ्याने दिवस काढणारी माणसं अशी बसतात. आधी पाठ टेकतात, मग जीव.

शिट्टी. एक खुर्ची मागे, मी पुढे. शिट्टी. एक मागे, मी पुढे.

"काका, आज तरी," सर जाता जाता म्हणाले.

"बघू," काका म्हणाले.

पहिली जागा आली. टक, टक, टक, टक. आज खोकला काढायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. पडद्याच्या आतून एक बाई दंड चोळत बाहेर आल्या. सरांनी खूण केली.

काका उठले. छाती काढली. अर्धवट मागे वळून, नजर फरशीवर ठेवून त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, "ताई, तुम्ही व्हा पुढे. आमच्या कामात आपण शेवटी..."

"मी घेतलीय," मागून आवाज आला. "दोन्ही."

काका खाली बसले. बसले म्हणजे काय, कोसळले. मी बाकीच्या तीन पायांवर त्यांना कसंबसं सावरलं.

"तू कधी आलीस?"

"तुमच्या मागोमागच."

"ड्युटी?"

"रात्रीची संपवून आले. बाबा, आमच्याकडे एक बाई गाउन शिवून आणून देतात. परवा गठ्ठा ठेवला, तुमच्या मोबाइलवर ऐकलेला माझा आवाज ओळखला आणि माझे हातच धरायला निघाल्या. म्हणाल्या, 'तुमच्या वडिलांमुळे मला लस मिळाली, असा माणूस शोधून सापडायचा नाही.' मी आनंदाने घरी फोन लावणार होते. मग म्हटलं, थांब. ज्या दिवशी साठा संपला म्हणून बाबा परत आले, त्याच दिवशी यांना कशी मिळाली?"

रांगेतले लोक माना लांब करून बघत होते. सरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली होती, ती तशीच धरून ठेवली.

"मोठ्याने बोलू नकोस," काका कुजबुजले. "लोक मला..."

"देवमाणूस म्हणतात, ऐकलं मी."

"अगं, जळत्या जिन्यावरून माणसं खांद्यावर घालून उतरवली मी. एकदाही हात थरथरला नाही. आणि ही एवढीशी सुई... तुला सांगू कसं? तू रोज तेच काम करतेस."

"म्हणून तर मला सांगायचं. आमच्याकडे पैलवान येतात बाबा, सुई बघून डोळे फिरवतात. आम्ही त्यांना हसत नाही. फक्त आडवं झोपवतो, म्हणजे पडून टाळकं फुटायला नको."

"मी थांबवायचा प्रयत्न केला. हे पाय थांबतच नाहीत."

"मग नका थांबवू. थरथरत घेतली तरी लागू पडते."

काकांनी मान वर केली. दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं आणि रात्रभर त्या वॉर्डात राहून आलेली ती मुलगी ते ओलांडणार नव्हती. तिचा हात एकदा पुढे आला आणि मध्येच थांबून पुन्हा मांडीवर गेला.

"दुखतं का?" काकांनी विचारलं.

"थोडं. संध्याकाळी दंड जड होतो. कदाचित ताप येईल."

"खोटं तरी बोलायचंस."

"ते काम तुम्ही सांभाळलंय की इतके दिवस."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी होत्या. फवाऱ्याची बाटली तोंडावर धरून हसत होत्या.

"सर," मागच्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "यांना घ्यायची नसेल तर मी जाऊ का?"

"बसा!" सर असे गरजले की निम्मी रांग उगाचच बसती झाली.

काका उठले. मला वाटलं, आता मी इथेच राहणार. पण त्यांनी माझी पाठ धरली, मला उचललं, आणि मला घेऊन ते पडद्यामागे गेले.

आतल्या परिचारिकेने वर बघितलं. "काका, इथे स्टूल आहे."

"असू दे. ही ओळखीची आहे."

तिने वाद घातला नाही. दिवसभरात तिने याहून विचित्र पाहिलं असणार. काका बसले. बाही वर केली. माझा पाय टकटक वाजत होता, इतका जोरात की ट्रेमधल्या बाटल्याही किणकिणायला लागल्या. काकांनी एका हाताने माझ्या बैठकीची कड धरली. त्या पकडीने माझा रंग उडाला, आतलं लोखंड दिसलं. डोळे मिटून ते एकदाच म्हणाले, "आहेस ना गं?"

"इथेच आहे," पडद्याच्या पलीकडून आवाज आला.

"आता केव्हा टोचणार?" काकांनी दात आवळून विचारलं.

"टोचून झालं," परिचारिका म्हणाली. "कापूस दाबून धरा."

काकांनी एक डोळा उघडला. दंडाकडे बघितलं. मग दुसरा उघडला. खरं सांगू का, त्यांची थोडी निराशाच झाली होती. एवढी तयारी, एवढी भीती, आणि समोरून काहीच आलं नाही.

बाहेर आल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सरांनी आखूड शिट्टी मारली, लोक एकेक खुर्ची पुढे सरकले. लस घेणाऱ्यांना शेजारच्या वर्गात अर्धा तास बसवून ठेवत. काका मला तिथेही घेऊन गेले. मुलगी दारातल्या बाकाच्या टोकावर बसली.

माझा पाय गप्प होता.

"येतेस ना मग?" काकांनी विचारलं.

"रविवारी. मागच्या दाराने. आधी अंघोळ, मग घर. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत."

"खिडकी उघडी ठेवून?"

"खिडकी उघडी ठेवून."

"चालेल," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "रस्त्यापलीकडून ओरडण्यापेक्षा बरं. समोरच्या घरातल्यांना माझ्या पोटाच्या तक्रारी पाठ झाल्यात."

अर्धा तास झाल्यावर काकांनी मला पुन्हा पुसलं, घडी घातली आणि मावशींच्या स्वाधीन केलं. "हिचा एक पाय तोकडा आहे," ते म्हणाले.

"माहितीये हो," मावशी म्हणाल्या. "सगळ्या सभागृहाला माहितीये. टकटक काय फक्त तुम्हालाच ऐकू येत होती?"

काकांनी मास्क उगाचच नीट केला आणि ते मुलीच्या मागून, दोन हात अंतर ठेवून, चालू लागले.

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. साथ ओसरली. मंडपवाल्याने आम्हाला परत नेलं. आता पुन्हा लग्नं आहेत, भाषणं आहेत, राहून गेलेल्या शोकसभाही काहींनी उशिरा का होईना घेतल्या. माझा निळा रंग बराच गेला आहे. बिजागरी कुरकुरते. यंदा मंडपवाला प्लॅस्टिकच्या नव्या खुर्च्या घेणार असं ऐकते. त्या हलक्या असतात, एकीवर एक चढवता येतात आणि डुगडुगत नाहीत. त्यांचं चांगलं होवो.

तुमच्याकडे मागण्यासारखं माझं फारसं काही नाही. पावसात बाहेर विसरू नका, घडी घालताना लाथ मारू नका आणि वर्षातून एकदा बिजागरीत तेलाचा थेंब सोडा, एवढं पुरे. आणखी एक. कधी गर्दीत कुणी उठून तुम्हाला आपली जागा दिली, तर जरूर घ्या, आभार माना, आरामात बसा. मात्र बसल्यावर एकदा मान वळवा आणि तो माणूस कुठे निघाला ते बघा.